डायग्नॉस्टिक डेटा पूर्ण बंद करता येत नसेल, तर संगणकातून नेमके काय बाहेर जाते?

अशिलाचे_कागद
मी वकिली करतो. अशिलांची कागदपत्रे माझ्या संगणकावर असतात आणि ती तिसऱ्याच्या नजरेस पडू नयेत ही माझी जबाबदारी आहे. विंडोज ११ च्या होम आणि प्रो आवृत्त्यांत ‘डायग्नॉस्टिक डेटा’पैकी (म्हणजे संगणकाच्या स्थितीबद्दल विंडोज आपोआप पाठवते त्या माहितीपैकी) ऐच्छिक भाग तेवढा बंद करता येतो, ‘आवश्यक’ ठरवलेली माहिती मायक्रोसॉफ्टकडे जातच राहते. या माहितीत दस्तऐवजातला मजकूर असू शकतो का? आणि ती ज्या सर्व्हरकडे जाते, ते होस्ट्स फाइलमधून (संगणकावरच्या, कोणते नाव कोणत्या पत्त्यावर न्यायचे हे ठरवणाऱ्या फाइलमधून) अडवले तर पुरेसे होईल का?

निरीक्षक
आवश्यक पातळीवर जाते ती माहिती यंत्राची जडणघडण, उपकरणे चालवणारे ड्रायव्हर, अपडेट नीट बसले की नाही, अशा स्वरूपाची असते. दस्तऐवजांचा मजकूर गोळा करणे हा तिचा हेतू नाही. काळजी करावी ती ऐच्छिक पातळीची. एखादा प्रोग्राम अचानक बंद पडला, तर त्या क्षणी मेमरीत जे काही असेल त्याची प्रत अहवालाबरोबर जाऊ शकते, आणि तेव्हा उघड्या असलेल्या फाइलचा काही भाग अनवधानाने तीत येऊ शकतो, हे मायक्रोसॉफ्टने स्वतःच नमूद केले आहे. वकिलाच्या संगणकावर ही पातळी बंदच हवी.

काय जाते ते डायग्नॉस्टिक डेटा व्ह्यूअर या मोफत प्रोग्राममध्ये पाहता येते. मजकूर रुक्ष आणि यांत्रिक असतो, पण अंदाज बांधण्यापेक्षा तो वाचलेला बरा.

होस्ट्स फाइलवर मात्र विसंबू नका. मायक्रोसॉफ्टच्या काही पत्त्यांच्या बाबतीत विंडोज ती फाइल जुमानत नाही, आणि २०२० पासून असे पत्ते अडवणाऱ्या फाइलला विंडोजचा अँटिव्हायरस डिफेंडर धोका म्हणून चिन्हांकित करतो. राउटरवर अडवणे अधिक परिणामकारक असले, तरी त्या भरात सुरक्षा अपडेटच थांबली, तर अशिलांच्या कागदपत्रांना त्याहून मोठा धोका निर्माण होईल.

दुसरी_बाजू
वरील माहिती बरोबर आहे, परंतु ‘आवश्यक’ हा शब्द इतक्या सहज स्वीकारू नये. कंपन्या आणि शिक्षणसंस्थांसाठीच्या एंटरप्राइज आणि एज्युकेशन आवृत्त्यांत हीच माहिती पाठवणे बंद करता येते आणि तरीही ते संगणक व्यवस्थित चालतात. मग ती आवश्यक आहे ती कोणाला? विंडोज १० जुलै २०१५ मध्ये आले. फ्रान्सच्या माहिती-संरक्षण आयोगाने जुलै २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टला अवाजवी माहिती गोळा करण्याबद्दल औपचारिक नोटीस दिली, आणि मूलभूत (आज ‘आवश्यक’ म्हणतात त्या) पातळीवर काय गोळा होते याची तपशीलवार यादी एप्रिल २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यानंतरही, ऑक्टोबर २०१७ मध्ये, नेदरलँड्सच्या माहिती-संरक्षण प्राधिकरणाने वापरकर्त्यांची संमती वैध रीतीने घेतली जात नसल्याचा निष्कर्ष काढला. आज सेटिंग्जमध्ये जे पर्याय दिसतात, ते या दबावाशिवाय मिळाले असते असे मला वाटत नाही.

पेंग्विनप्रेमी
विंडोज सोडून लिनक्स या मुक्त प्रणालीकडे वळावे असे मी सुचवणार होतो, पण प्रामाणिकपणे सांगायचे तर नुसते नाव बदलून भागत नाही. उबुंटू या लिनक्सच्या १२.१० आवृत्तीमध्ये, म्हणजे २०१२ साली, संगणकावरच्या शोधचौकटीत टंकलेले शब्द ते बनवणाऱ्या कॅनॉनिकल कंपनीमार्फत ॲमेझॉनच्या वस्तू दाखवण्यासाठी वापरले जात, आणि ही सोय मुळातच चालू असे. डेबियन या दुसऱ्या लिनक्समध्ये कोणती पॅकेजेस (प्रोग्राम) वापरली जातात याची मोजणी आहे, पण ती हवी का हे प्रणाली बसवतानाच विचारले जाते आणि आधीपासून ठरलेले उत्तर ‘नाही’ असते. फरक या ठरलेल्या उत्तरात आहे.

निरीक्षक
एक मुद्दा राहिला, आणि मूळ प्रश्नाच्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा. मायक्रोसॉफ्ट खात्याने संगणक सुरू केला असेल आणि वनड्राइव्ह या मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीचा फोल्डर बॅकअप चालू असेल, तर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स या फोल्डरांतल्या अख्ख्या फाइली कंपनीच्या सर्व्हरवर जातात. डायग्नॉस्टिक डेटाची सेटिंग कितीही कडक ठेवली, तरी त्यावर तिचा काही परिणाम होत नाही, कारण ती निराळी सेवा आहे.

अशिलाचे_कागद
सर्वांचे आभार. ऐच्छिक पातळी बंद केली आहे आणि होस्ट्स फाइलचा विचार सोडला आहे. बॅकअपची बाजू माझ्या ध्यानातच आली नव्हती. तो बंद केल्यावर आधीच वर गेलेल्या फाइली आपोआप पुसल्या जातात, की त्या वेगळ्या काढाव्या लागतात?

निरीक्षक
वेगळ्या काढाव्या लागतात. मात्र त्याआधी प्रत्येक फाइल खरोखर संगणकावर उतरलेली आहे याची खात्री करा, कारण काहींची केवळ नावे इथे दिसत असतात आणि मजकूर सर्व्हरवरच असतो. आणि ऑनलाइन रिसायकल बिनही रिकामी करायला विसरू नका.