उन्हाळ्यात उघड्यावर जॅझ-ब्लूज: अनुभव धागा

शिकागोचा ब्लूज महोत्सव १९८४ साली सुरू झाला. तो जूनमध्ये, मोकळ्या आभाळाखाली आणि विनातिकीट होतो. आपल्याकडे मैदानातले संगीत महोत्सव थंडीत उरकतात. एप्रिल-मेमध्ये छत्रपती संभाजीनगरात, नांदेडात किंवा लातुरात सॅक्सोफोन-गिटारची संध्याकाळ करायची तर काय काय सांभाळावं लागतं? साउंड, मांडव, वीज, वाद्यं आणि गर्दी हाताळणाऱ्यांनी नेमकं लिहावं. मापं आणि कारणं हवीत.

साउंड सांभाळणारा

शिकागोच्या मिलेनियम पार्कात हिरवळीवर पोलादी जाळी आहे आणि स्पीकर तिला टांगलेले आहेत. त्यामुळे मागच्याला ऐकू जावं म्हणून पुढच्याच्या कानठळ्या बसवाव्या लागत नाहीत. आपल्याकडे हेच काम डिले टॉवरवर भागतं, म्हणजे मैदानात मध्ये उभारलेल्या स्पीकरवर, ज्यांचा आवाज स्टेजच्या आवाजाशी जुळावा म्हणून किंचित उशिरा सोडतात. स्टेजपासून ३० मीटरवर टॉवर असेल तर २० अंश सेल्सियसला साधारण ८७ मिलिसेकंद डिले लागतो, ३८ अंशांना ८५. हा फरक किरकोळ आहे. खरा घात कोरडी हवा करते, कारण ती वरच्या पट्टीचा आवाज खाते. दुपारी चारच्या साउंड चेकला मागे झांजा बोथट वाटतात, म्हणून ट्रेबल चढवला जातो. रात्री हवा जरा दमट होते आणि तोच ट्रेबल कानात टोचतो. म्हणून चारला फक्त माइक आणि वायरी चालतात का ते तपासा, टोन सूर्य मावळल्यावरच ठरवा.

दुसरी गोष्ट. दिवसा तापलेल्या जमिनीवरून आवाज वर वळतो, तर रात्री जमिनीलगतची हवा आधी निवते आणि आवाज खाली वाकून लांबवर जातो. साडेनऊला दूरच्या वसाहतीतून तक्रार येते ती यामुळे, ऑपरेटरने आवाज वाढवलेला नसला तरी. नियमाप्रमाणे सार्वजनिक जागेच्या हद्दीवर आवाज आसपासच्या मानकापेक्षा १० डेसिबलने जास्त किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जे कमी असेल त्याच्या आत ठेवावा लागतो. हद्दीवर मीटर घेऊन एक माणूस उभा करा. डिजिटल मिक्सरवर पांढरं कापड ताणा, पण वर वीतभर हवा खेळू द्या. बऱ्याच मिक्सरच्या पुस्तिकेत चालण्याची कमाल मर्यादा ४० अंश दिलेली असते आणि काळा पत्रा उन्हात त्याच्या कितीतरी वर जातो.

सॅक्स-गिटारवाल्यांसाठी

उष्णतेने सॅक्सचा सूर चढतो आणि गिटारच्या तारा सैल पडून उतरतात. दोघं उलट दिशांना जातात, तिथेच बेसूर होतं. हिशेबाने सॅक्स दर अंशाला सुमारे ३ सेंट चढतो (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग). फुंकरीची ऊब नळीत आधीच असते, म्हणून प्रत्यक्षात त्याहून कमी, पण कानाला कळेल इतका. एसीच्या खोलीत २४ अंशांना जुळवून थेट स्टेजवर जाणं हीच मोठी चूक. वाद्यं अर्धा तास आधी स्टेजच्या सावलीत आणून ठेवा, थोडं वाजवा, मग ४४० हर्ट्झच्या प्रमाण सुराला जुळवा. सूर चढलाच तर माउथपीस कॉर्कवर किंचित बाहेर घ्या. रीड (माउथपीसवरची वेताची पातळ पट्टी) कोरडी पडून वाकते, म्हणून दोन-तीन भिजवलेल्या रीड डबीत तयार असू द्या.

तबला (फ्यूजनमध्ये लागतोच)

कोरड्या उन्हात पुडी (वरचं कातडं) ताणली जाते आणि सूर चढतो. गट्टे (वाद्यांखालचे लाकडी ठोकळे) हातोडीने वर सरकवले की उतरतो. पुडीवर पाणी मारू नका, शाई (मधला काळा गोल) सुटते. एकाच सुराचे दोन तबले आणा.

वीज

मुरमाड जमीन मे महिन्यात हाडासारखी कोरडी असते. नुसती सळई ठोकून अर्थिंग मिळत नाही. कोळसा-मीठ घातलेला खड्डा आदल्या रात्री आणि सकाळी पाण्याने भरा, मग मोजा. गिटार अँप एका लाइनवर आणि मिक्सर दुसरीवर असेल तर तारांना हात लावून माइकवर ओठ टेकताच शॉक बसतो. गायक येण्याआधी गिटारची तार आणि माइकची जाळी यांच्यामध्ये मल्टिमीटर लावा. दोन-चार व्होल्टच्या वर काही दिसलं तर गाणं सुरू करू देऊ नका. सगळा साज एकाच अर्थवर घ्या आणि लाइटचे डिमर (उजेड कमी-जास्त करणारी यंत्रं) वेगळ्या जनरेटरवर टाका, नाहीतर स्पीकर गुणगुणत राहतात. थ्री-फेजचा न्यूट्रल सुटला तर २३०च्या जागी ४००पर्यंत व्होल्टेज जातं आणि अँप जळतात. न्यूट्रलचा प्रत्येक जोड स्वतः आवळून घ्या.

मांडव-स्टेज

आधी पंचांग बघा. लग्नाच्या तिथीला मांडव, जनरेटर, खुर्च्या, काहीच मिळत नाही, मिळालं तर भाव दुप्पट.

स्टेज उत्तरेला घ्या आणि तोंड दक्षिणेला ठेवा, म्हणजे मावळतीचं ऊन ना कलाकारांच्या डोळ्यांत, ना प्रेक्षकांच्या. मागचा फ्लेक्स मात्र अखंड लावू नका. मेच्या दुपारनंतर वावटळ किंवा अवकाळीचा वारा कधीही उठतो. ताशी ५४ किलोमीटरचा वारा ६ बाय ४ मीटरच्या फ्लेक्सवर सुमारे सव्वातीनशे किलोचा दाब टाकतो आणि तो सगळा खांबांवर येतो. जाळीचा फ्लेक्स वापरा, ओढणीच्या दोऱ्या एका झटक्यात सोडता येतील अशा बांधा. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं, वीज पडण्याचा इशारा देणारं दामिनी अॅप एका माणसाच्या हातात सतत उघडं असू द्या. आसपास विजेचा इशारा आला की मैदान मोकळं करायचं. तेव्हा चर्चा करत बसायचं नाही.

गर्दी आणि पाणी

जमीन निवायला वेळ लागतो. पाच वाजता टँकरने मुरमावर पाणी मारा. सात वाजता मारलं तर चिखल आणि वाफ, दोन्ही. माणशी दीड लिटर धरा: २००० माणसांना ३००० लिटर, म्हणजे २० लिटरचे १५० जार. सगळे एकाच टेबलावर ठेवले की रेटारेटी होते, म्हणून चार ठिकाणी वाटा. ओआरएसच्या पाकिटावर किती पाण्यासाठी ते लिहिलेलं असतं. एक लिटरचं पाकीट ग्लासभर पाण्यात कालवू नये. कोणी बडबडू लागलं, तोल जाऊ लागला तर पाणी पाजत बसू नका. सावलीत आडवं करा, अंग ओलं करा, वारा घाला आणि १०८ला फोन लावा.

वेळापत्रक

लाउडस्पीकर रात्री १०ला बंद. सरकार वर्षातले मोजके दिवस १२पर्यंतची सूट देतं, ते दिवस जिल्हाधिकारी कार्यालयाकडून आधीच विचारून घ्या. मेच्या मध्याला सूर्य सातच्या सुमारास मावळतो. साडेसातला सुरुवात केली तर हातात अडीच तास राहतात: पासष्ट मिनिटांचे दोन बँड, मध्ये पंधरा मिनिटं. ही पंधरा मिनिटं पुरतात, पण ड्रम सेट आणि अँप दोन्ही बँडनी सामाईक वापरले तरच. झांजा, स्नेअर आणि पेडल ज्याचं त्याने आणायचं, हे बँडला पत्रातच लिहून कळवा.