मदत हवी आहे : वडिलांसाठी सायबर विमा घ्यावा का?

नमस्कार. आम्ही नाशिकला गंगापूर रोडला राहतो. गेल्या महिन्यात माझ्या ६८ वर्षांच्या वडिलांना ‘वीजबिल थकले आहे, आज रात्री पुरवठा खंडित होईल’ असा संदेश आला आणि त्यासोबतची एपीके फाईल (अँड्रॉइड फोनवर ॲप बसवणारी फाईल) त्यांनी मोबाईलवर उघडल्यानंतर थोड्याच वेळात खात्यातून ४८,००० रुपये गेले. १९३० या सायबर फसवणूक मदत क्रमांकावर लगेच तक्रार केल्यामुळे काही रक्कम गोठवली गेली, परंतु तेव्हापासून बाबा फोन हातात घ्यायलाही घाबरतात, आणि पैशांपेक्षा त्याचेच मला अधिक वाईट वाटते.

रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे झालेले नुकसान बँकेला कळवेपर्यंत ग्राहकालाच सोसावे लागते, म्हणून वैयक्तिक सायबर विम्याचा (ऑनलाइन फसवणुकीतील नुकसानीसाठीच्या विम्याचा) विचार करीत आहे. ग्राहकाने फसून स्वतःच ओटीपी दिला किंवा ॲप घेतले, तर दावा मंजूर होतो का? पॉलिसीतील ‘घोर निष्काळजीपणा’ या अपवादाचा अर्थ प्रत्यक्षात कसा लावला जातो? आईवडिलांना एकाच पॉलिसीत घेता येते का, आणि दाव्यासाठी पोलीस तक्रारीखेरीज कोणती कागदपत्रे लागली? ज्यांनी स्वतः दावा केला आहे, त्यांनी कृपया अनुभव सविस्तर लिहावा.