‘किंग्ज स्कॉलर’ला मराठीत काय म्हणावं?

ओळीमागूनओळ: इंग्लंडमधल्या ईटन या शाळेवरच्या लेखाचा अनुवाद चालू आहे. ‘किंग्ज स्कॉलर’ला मी ‘राजाचे शिष्यवृत्तीधारक’ लिहिलं, संपादकांनी ‘शाही विद्वान’ केलं. तेरा वर्षांचा मुलगा विद्वान कसा?

बोरू: विद्वान चूकच, पण शिष्यवृत्तीधारकही तोकडा आहे. इंग्लंडचा राजा सहाव्या हेन्रीने १४४० साली शाळा काढली, पुढे या मुलांची संख्या ७० ठरली. राहायला ‘कॉलेज’मध्ये, अंगावर काळा झगा, आडनावानंतर के. एस. ही अक्षरं. बाकीचे सगळे ‘ऑपिडन’, म्हणजे गावात राहणारे. लॅटिन ‘ऑपिडम’ म्हणजे गाव. हे एका गटाचं नाव आहे, निव्वळ पैशाचं नाही. आणि इथल्या ‘कॉलेज’चं महाविद्यालय करू नका!

शुद्धमती: ‘राजछात्र’ म्हणा. पाणिनीचं ‘छत्रादिभ्यो णः’ आठवा: गुरूचे दोष छत्रासारखे झाकतो तो छात्र. गुरूच्या आश्रयाने राहणाऱ्याला याहून नेमका शब्द नाही.

बोरू: व्युत्पत्ती सुंदर, पण वापराचं काय? मराठीत छात्र उरला छात्रसेनेपुरता. एरवी तो हिंदीच वाटतो.

शुद्धमती: वापरलाच नाही तर रुळणार कसा?

चौथारकाना: ‘राजा’वरही अडेल. ईटनला राजा म्हणजे संस्थापक हेन्री, म्हणून राणीच्या काळातही ते किंग्ज स्कॉलरच. लंडनच्या वेस्टमिन्स्टर शाळेत मात्र गादीवर कोण त्यावर नाव ठरतं: एलिझाबेथच्या काळात क्वीन्स, २०२२ पासून पुन्हा किंग्ज. राज्याभिषेकात ‘व्हिवाट’ची (लॅटिन, ‘चिरायु होवो’) ललकारी देतात ते हेच. तिथे ‘प्रिव्हिलेज’ आलं तर विशेषाधिकार लिहू नका, तो विधिमंडळातला. ललकारीचा ‘मान’ म्हणा. पुण्यात मानाचे गणपती आहेत, वारीत मानाचे अश्व. क्रम आणि जागा ठरलेली, तोच अर्थ.

शुद्धमती: मान दुसरा देतो, अधिकार आपला असतो. परंपरेने त्यांचाच झाला असेल तर ‘हक्क’ म्हणा. विधिमंडळातही ‘हक्कभंग’च म्हणतात.

चौथारकाना: गावजत्रेत मानकरी मान हक्कानेच मागतो की!

ओळीमागूनओळ: पण स्कॉलरचं काय करू? आपल्याकडे ‘वर्गातला स्कॉलर’ म्हणजे नुसता हुशार मुलगा.

बोरू: तसंच ठेवा, पहिल्या उल्लेखाला एका वाक्यात खुलासा करा. आणि ‘व्हिवाट’ही तपासा. वेस्टमिन्स्टरची मुलं लॅटिन जुन्या इंग्रजी वळणाने उच्चारतात: ‘व्हायव्हॅट’, ‘रेजायना’ (रेजिना, म्हणजे राणी).

शुद्धमती: उच्चार कशाला? सरळ ‘चिरायु होवो’ लिहा.

चौथारकाना: मग ललकारीतलं लॅटिनच गेलं. देवनागरीत ‘व्हायव्हॅट’ हवं.