डीबीए (प्राचीन लढायांचा, छोट्या पुतळ्यांनी खेळायचा पटावरचा खेळ): बगलेवरच्या हल्ल्यातून केवळ उणे १ मिळत असेल, तर एवढा खटाटोप कशासाठी?

वर्धाकाठ:
नमस्कार. आर्वीजवळच्या आमच्या गावी सोयाबीन घरात आल्यावर आम्ही दोघे भाऊ डीबीए खेळतो. तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी करणाऱ्या सुतारकाकांनी उरलेल्या प्लायवूडमधून तुकड्या उभ्या करायला ४० मिलिमीटर रुंदीचे बेस कापून दिले आहेत. रविवारी माझे रोमन ब्लेड (तलवारधारी पायदळाची तुकडी) धाकट्याच्या ब्लेडशी समोरासमोर भिडले असताना, तीन पाळ्या खर्चून मी दुसरी तुकडी त्याच्या कडेला, पण माझ्याच रांगेत उभी केली. त्याचा १ गुण वजा झाला, तो हरला, थोडा मागे सरकला आणि पुन्हा लढायला सज्ज! माझे काही चुकले का?

जुनाफासा:
भाऊ, आपली तुकडी बगलेवर चढलीच नव्हती. आपण केले त्याला ओव्हरलॅप म्हणतात. त्यातून उणे १ मिळतो, बाकी काही नाही. आपल्या तुकडीची समोरची कड शत्रूच्या बाजूच्या कडेला पूर्ण टेकली, तरच तो बगलेवरचा हल्ला होतो. गुण तेव्हाही एकच वजा होतो; मात्र अशा स्थितीत ज्याला मागे सरकावे लागते, तो सरकत नाही, नष्टच होतो.

मोकळ्या जमिनीवर, सेनापती नसलेल्या दोन ब्लेडांचा हिशोब पाहा. लढतीत प्रत्येक जण तुकडीच्या मूळ आकड्यात आपल्या फाशाचे दान मिळवतो; इथे दोघांचा मूळ आकडा ५. फाशांच्या ३६ जोड्यांपैकी १५ मध्ये शत्रू हरतो, पण मरत एकदाही नाही. कारण समोरासमोर मरायला आपली बेरीज त्याच्या दुप्पट व्हावी लागते; त्याची किमान बेरीज ६ आणि आपली कमाल ११, म्हणजे दुप्पट कधी होतच नाही. बगल धरली की त्याचा आकडा ४ होतो, आपण २१ जोड्यांत जिंकतो आणि त्या एकवीसही वेळा तो पाटावरून उचलला जातो. उणे १ कडे पाहत बसलात, तर ही गोष्ट निसटते.

तिसरीरांग:
यात एक भर घालतो. समोरून कोणी भिडलेले नसेल, तर बगलेवर हल्ला झालेली तुकडी वळून तोंड देते आणि सगळे कष्ट वाया जातात. इ.स.पू. १९७ मध्ये ग्रीसमधल्या किनोस्केफालाईच्या लढाईत रोमनांची डावी फळी मॅसिडोनियन उजव्या फॅलँक्सपुढे (भालेकऱ्यांच्या दाट रांगांपुढे) मागे रेटली जात होती. तेवढ्यात एका ट्रिब्यूनने (रोमन अधिकाऱ्याने) विजयी उजव्या फळीतून सुमारे २० मॅनिपल (छोट्या रोमन तुकड्या) वळवून त्या फॅलँक्सची पाठ गाठली. लांब भाले पुढे रोखलेल्या त्या रांगांना वळणे शक्यच नव्हते. डावी फळी तोवर तग धरून राहिली नसती, तर पाठ गाठायला उशीर झाला असता.

वर्धाकाठ:
आभारी आहे. मग समोरच्या रांगेतली तुकडी त्याच पाळीत वळवून बगलेला लावता येईल का?

जुनाफासा:
नाही. शत्रूच्या बाजूच्या कडेची रेषा मनात लांबवा. आपली तुकडी त्या रेषेच्या पलीकडून निघायला हवी. म्हणून एखादे घोडदळ आधीपासूनच रांगेच्या बाहेर ठेवा, आणि पाळीच्या सुरुवातीच्या फाशावर (जेवढे दान, तेवढ्या चाली) १ पडला तरी त्या एकट्या तुकडीच्या चालीसाठी तो राखून ठेवा.