बाबांच्या नावाने देणगी: ध्वज दिन निधी की एखादी संस्था?

सातारची_लेक:
बाबा मराठा लाइट इन्फंट्रीत हवालदार होते, मागच्या वर्षी गेले. वर्षश्राद्धाला पंगती न घालता 50 हजार माजी सैनिकांसाठी द्यायचे असं आम्ही भावंडांनी ठरवलंय. दादा म्हणतो सैनिकांसाठीच्या सरकारी ध्वज दिन निधीत भर आणि मोकळी हो. मला ते पटत नाहीये, तिथे आपले पैसे कोणाला गेले ते कधी कळणारच नाही, त्यापेक्षा जाऊन बघता येईल अशा ठिकाणी द्यावेत. पण भीतीही वाटते. परवा एका ट्रस्टचा फोन आला, बाई इतक्या कळवळून बोलल्या की मी क्यूआर कोड स्कॅन करणारच होते, सहज नोंदणी नंबर विचारला तर फोन कट! तुम्ही कुठे देता?

सुभेदार_निवृत्त:
ताई, दादाचं ऐका. पंधरा वर्षं पुरी न करता घरी आलेल्या जवानाला पेन्शन नसते, हे बाहेरच्यांना माहीतच नसतं. असा माणूस 65 च्या पुढे गेला की त्याला दरमहा मदत मिळते, हवालदार आणि खालच्या हुद्द्यावाल्यांना मुलीच्या लग्नाला मिळते, ती या निधीतूनच, अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून जातो. 1949 पासून 7 डिसेंबरला गोळा होतोय हा पैसा. कुठे जातो कळत नाही असं नका म्हणू.

प्राजक्ता_पुणे:
काका, आदर ठेवून सांगते, नाही पटलं. निधीला नियम असतात आणि नियमात न बसणारा बाहेरच राहतो. ताई, खडकीला पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे, मणक्याला मार बसून कायमचे व्हीलचेअरवर आलेले जवान तिथे राहतात. जवळच क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट, 1917 पासून अपंग जवानांना काम शिकवते. फोन करून जा, काय कमी पडतंय ते विचारा, मग द्या.

हिशेबी_माणूस:
जाऊन बघितलं म्हणजे खात्री झाली असं नसतं हो, चार खोल्या कोणीही रंगवून दाखवेल. आणि 80जी आहे म्हणून डोळे झाकून देऊ नका, ती फक्त करसवलत आहे (नव्या कररचनेत तर तीही मिळत नाही). आपल्याकडे ट्रस्टला ऑडिट केलेले हिशेब दरवर्षी धर्मादाय आयुक्तांकडे द्यावे लागतात, तेच मागा, तीन वर्षांचे. जाहिरातीवर किती आणि जवानांवर किती गेले तेवढं बघा. कोणी चिडलं तर तिथेच थांबा.

नाशिकचा_अमोल:
एवढं कशाला, भारत के वीरवर टाका की.

सुभेदार_निवृत्त:
अमोल, ते सीआरपीएफ, बीएसएफ वगैरेंच्या शहीद जवानांच्या घरच्यांसाठी आहे. चांगलंच आहे, पण ताई माजी सैनिकांबद्दल विचारतायत.

फौजीची_मुलगी:
हिशेब बघा पण अजून एक बघा, देताना वागतात कसे. माझ्या वडिलांना एका संस्थेने व्हीलचेअर दिली, मागे बॅनर, सोबत चार पुढारी, आणि वडिलांना तीनदा हात जोडायला लावले फोटो नीट येईना म्हणून. आयुष्यभर ताठ उभा राहिलेला माणूस, घरी येऊन दोन दिवस बोलला नाही. अशा ठिकाणी हिशेब कितीही चोख असू दे, मी एक रुपया देणार नाही.

सातारची_लेक:
शेवटचं वाचून रडू आलं, बाबांनाही हे सहन झालं नसतं. सोमवारी खडकीला फोन करते, हिशेबही मागते. दादा अजून निधीवरच अडलाय, त्याचा वाटा तो तिकडे देईल. सुभेदार काका, जिल्हा कार्यालयात पावतीवर बाबांचं नाव आणि फौजेतला नंबर घालून देतात का हो?