मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षात नेमका कशाचा आधार होतो?

प्रश्न : शुभांगी (परभणी)

माझा धाकटा भाऊ यंदा पुण्यातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात दाखल झाला. दहावीपर्यंत मराठी माध्यम, बारावी तालुक्याच्या गावी, आणि सीईटीत मिळालेले गुण उत्तम. असे असूनही पहिल्या अंतर्गत परीक्षेत एम-वन (अभियांत्रिकी गणित, भाग एक) आणि ग्राफिक्स (अभियांत्रिकी आरेखन) या दोन्ही विषयांत तो फार मागे पडला. आता तो रात्री उशिरापर्यंत खोलीत एकटाच नोट्स वाचत बसतो, वर्गात प्रश्न विचारत नाही, आणि "इथली मुले माझ्यापेक्षा हुशार आहेत" असे त्याने मनाशी पक्के केले आहे. आमच्या घरातून अभियांत्रिकीला गेलेला तो पहिलाच असल्यामुळे त्याला सांगू शकेल असे घरात कोणी नाही. खासगी शिकवणी लावावी, की आणखी काही करता येण्याजोगे आहे? ज्यांनी अशा विद्यार्थ्यांना जवळून पाहिले आहे, त्यांनी कृपया लिहावे.

उत्तर : निवृत्त प्राध्यापक, गणित

शुभांगीताई, आपल्या वर्णनात मला सर्वाधिक काळजीचा वाटलेला शब्द "एकटाच" हा आहे. 1970 च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संकुलात युरी ट्राइझमन यांनी कलनशास्त्राच्या (कॅल्क्युलसच्या) विद्यार्थ्यांचे निरीक्षण केले होते. कृष्णवर्णीय विद्यार्थी मोठ्या संख्येने का मागे पडतात, असा प्रश्न होता, आणि त्यांची तयारी कच्ची असेल, जिद्द कमी असेल किंवा घरचा पाठिंबा नसेल, असे अनेक सहकारी गृहीत धरून चालले होते. प्रत्यक्षात हे विद्यार्थी कष्टाळू होते, मात्र अभ्यास ते एकेकटे करीत; उलट चिनी वंशाचे विद्यार्थी आधी स्वतः गणिते सोडवीत आणि मग एकत्र बसून परस्परांची उत्तरे तपासत, त्यामुळे कोठे अडले हे त्यांना परीक्षेपूर्वीच समजे. त्यावरून ट्राइझमन यांनी कार्यशाळा सुरू केल्या, आणि त्यांत सोपी उजळणी न देता मुद्दाम अवघड गणिते गटाने सोडवायला दिली. त्यांत सहभागी झालेल्या विद्यार्थ्यांचे निकाल स्पष्टपणे सुधारले.

मला यातील अवघड गणितांचा भाग फार मोलाचा वाटतो, कारण "कच्च्या मुलांचा जादा तास" अशी पाटी लागली की मुलगा तेथे पाऊल ठेवीत नाही. शिकवणीचे पैसे तूर्त राखून ठेवावेत. त्याने वर्गातील तीन-चार मित्र गाठावेत, प्रत्येकाने तीच गणिते आधी स्वतंत्रपणे सोडवून आणावीत, आणि मग एकाने फळ्यापाशी उभे राहून बाकीच्यांना पायऱ्या समजावून द्याव्यात. मुलांनी आपापसांत हे सारे मराठीतच बोलावे. संज्ञा इंग्रजीत लिहिता आल्या म्हणजे उत्तरपत्रिकेपुरते काम होते.

उत्तर : शिक्षणशास्त्राची विद्यार्थिनी

सरांच्या म्हणण्याला एक जोड द्यावीशी वाटते. नोट्स पुनःपुन्हा वाचल्याने मजकूर ओळखीचा वाटू लागतो आणि तो आपल्याला येतो असा भास होतो. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी उतारा फिरून वाचला, तर काहींनी तो बाजूला ठेवून आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणाऱ्यांना बरेच अधिक स्मरत होते. परीक्षा आठवड्यांनंतरच येते, म्हणून आपल्या भावाने वही मिटून कोऱ्या कागदावर सिद्धता किंवा आकृती काढावी, अडेल तेथे खूण करावी, आणि त्या खुणांपुरतीच वही उघडावी. ही पद्धत सुरुवातीला जड जाते आणि आपल्याला काहीच येत नाही असे वाटू लागते. त्या टप्प्यावर त्याला घरून धीर द्यावा.

शुभांगी

दोघांचेही मनापासून आभार. परंतु इंग्रजी चुकेल या भीतीने तो शिक्षकांच्या खोलीपर्यंत जातच नाही, आणि मेसचा खर्च वाढल्यामुळे शनिवार-रविवारी काम धरण्याचाही त्याचा विचार चालला आहे.

उत्तर : वसतिगृह व्यवस्थापक, सातारा

ताई, आपण लिहिलेल्या या दोन अडचणींचा निकालाशी थेट संबंध आहे. राहण्या-जेवण्याची सोय झाल्याशिवाय बहुजनांची मुले शिकणार नाहीत, हे ओळखून राजर्षी शाहू महाराजांनी 1901 पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहू दिली, आणि कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका छताखाली आणले. न्यूयॉर्कच्या नगर विद्यापीठाने 2007 मध्ये सुरू केलेल्या 'असॅप' कार्यक्रमातही शुल्काची उरलेली रक्कम, पाठ्यपुस्तके आणि प्रवासाचा पास यांची सोय होती, आणि सल्लागाराची वरचेवर भेट सक्तीची होती. चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवडलेल्या दोन गटांची तुलना केली, तेव्हा तीन वर्षांत पदविका पूर्ण करणारे या कार्यक्रमात सुमारे 40 टक्के, तर बाहेर सुमारे 22 टक्के निघाले.

त्यातील सक्तीच्या भेटीवर माझा फार विश्वास आहे, कारण संकोची मुलगा मदत मागायला स्वतःहून जात नाही, मदतीनेच त्याच्यापर्यंत जावे लागते. बहुतेक महाविद्यालयांत वीस-पंचवीस विद्यार्थ्यांमागे एक मार्गदर्शक शिक्षक नेमलेला असतो. त्यांना आपण स्वतः दूरध्वनी करून दर आठवड्याची एक वेळ ठरवून घ्यावी. भावाने सोडवून अडलेले गणित हातात घेऊन जावे आणि निःसंकोच मराठीत विचारावे. पुण्यात मराठी समजणारे शिक्षक सहज भेटतात. कामाविषयी म्हणाल, तर महाविद्यालयात 'कमवा आणि शिका' योजना असल्यास ती आधी पाहावी, कारण तेथील तास वेळापत्रक सांभाळून ठेवलेले असतात. डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता किंवा, अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना लागू होते का, हेही तपासावे. उत्पन्नाचा दाखला नसेल तर तो तहसील कार्यालयातून आताच काढावा. अर्जाची मुदत संपत आल्यावर तेथे गर्दी होते.