मदत हवी आहे: घर आणि कार्यक्रम दोन्हींसाठी बेस ॲम्प, ४० वॅट की १००?

राजारामपुरीतल्या दोन खोल्यांत सराव करतो आणि महिन्यातून दोनदा मंगल कार्यालयात वाद्यवृंदासोबत चार तारांची बेस गिटार वाजवतो. सध्याचा १५ वॅटचा ॲम्प (गिटारचा आवाज वाढवणारा स्पीकरसह संच) घरी पुरतो. पण ड्रम आणि ढोलकी सुरू झाली की सर्वांत जाड ई तार, जिचा स्वर सुमारे ४१ हर्ट्झ असतो, नुसती घरघरते आणि कोणता स्वर वाजला तेच कळत नाही. ॲम्पवरचा बेस (खालचे स्वर) कमी करून मिड (मधले स्वर) वाढवला, ॲम्प खुर्चीवर ठेवून पाहिला, तारा बदलल्या. फरक किरकोळ पडला. डीआय बॉक्समधून (गिटारचा सिग्नल मिक्सरला चालेल असा करणारी छोटी पेटी) थेट मिक्सरला जोडले तेव्हा श्रोत्यांना व्यवस्थित ऐकू गेले, मात्र मंचावर मॉनिटर (वादकांना स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर) एकच आणि तोही गायकाच्या पायाशी, त्यामुळे मला माझेच वाजवणे ऐकू येईना.

आता फेंडर रम्बल ४० (दहा इंची स्पीकर) आणि रम्बल १०० (बारा इंची) यांत अडकलो आहे. दोन्हींना मिक्सरसाठी एक्सएलआर जोडणी आहे. मोठाही सुमारे दहा किलोचाच, म्हणजे स्कूटरवरून नेता येईल. गिटार बदलायची नाही. बेस मिक्सरमधूनही जाणार असेल, तर ड्रमशेजारी स्वतःला ऐकू येण्यापुरते ४० वॅट पुरतील का, आणि १०० वॅटचा घेतल्यास रात्री घरी अगदी हळू आवाजात तो पोकळ वाजतो का?